वाचकांचे प्रश्न : कोव्हला राहायचं की नुसतं पाहून यायचं?

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॉर्क शहराजवळ कोव्ह नावाचं एक लहानसं बंदराचं गाव आहे. गेल्या महिन्यात त्यावर लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊसच पडला. विचारणाऱ्या बहुतेकांची मुलं लंडन नाहीतर डब्लिनला असतात. महिना-दीड महिना त्यांच्याकडे राहायला गेलं, की सोमवार ते शुक्रवार करायचं काय, हा खरा प्रश्न. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी लंडनला आहे. आमच्याकडे ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आहे. त्यावर आयर्लंडला जाता येईल, की शेंगेन काढावा लागेल? (ठाणे)

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा व्हिसा, डोक्यातून काढून टाका. आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. शेंगेनच्या भरवशावर डब्लिनचं तिकीट काढलंत तर चेक-इनलाच अडकाल. तुमच्या ब्रिटनच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद आहे का, ते बघा. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची ही संयुक्त सोय आहे. नोंद असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंड होतं. फक्त ज्या देशाने व्हिसा दिला, तिथे आधी उतरायचं. म्हणजे आधी लंडन, मग कॉर्क. दुबईमार्गे थेट डब्लिन गाठून नंतर लेकीकडे, असं चालत नाही. नोंद नसेल तर आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या व्हिसाचा नियम वाचा आणि मगच पैसे भरा. व्हिसाचे नियम बदलत असतात, मागच्या वर्षी शेजारी जाऊन आले हा काही पुरावा नव्हे.

आणखी एक. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. तिथून डब्लिनला येताना रस्त्यात चौकी लागत नाही, म्हणून 'कोण बघतंय' असं म्हणत बिनव्हिशाचे जाऊ नका. चौकी नसली तरी व्हिसा लागतोच.

नाव नक्की काय, कोभ की कोब? आणि डब्लिनहून सकाळी निघून रात्री परत येता येईल का? (डब्लिनमध्ये मुलाकडे आलेले सोलापूरकर)

कोव्ह. आयरिश स्पेलिंगमध्ये बी आणि एच जोडून आले की बहुधा 'व' म्हणायचं. गंमत अशी की हा शब्द मुळात आयरिश नाहीच. छोट्या खाडीला इंग्रजीत कोव्ह म्हणतात, तोच आयरिश स्पेलिंगचे कपडे घालून बसलाय. आयरिश भाषेत त्याला अर्थ नाही. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे उतरली आणि गावाचं क्वीन्सटाउन झालं. १९२० च्या सुमारास, ब्रिटिश जायच्या बेतात असताना, गावाने ते नाव टाकून दिलं. टायटॅनिकच्या गोष्टीत जे क्वीन्सटाउन येतं ते हेच.

एका दिवसात जाऊन येता येतं, पण मी नाही सांगणार. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कपर्यंत साधारण अडीच तास, तिथे केंट स्टेशनवर गाडी बदलून पुढे पंचवीस मिनिटं. मधलं थांबणं धरलं तर जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीतच. शिवाय कोव्हला क्रूझ जहाजं लागतात, आणि ती थेट गावाच्या धक्क्याला लागतात. मी पहिल्यांदा गेलो तो नेमका जहाजाचा दिवस. दहा मजली पांढरी भिंत समुद्र झाकून उभी, आणि रस्त्यावर गणपतीत लक्ष्मी रोडला असते तशी गर्दी. संध्याकाळी भोंगा झाला, भिंत हळूच सरकली आणि तासाभरात गाव रिकामं. बाकावर दोन म्हातारे आणि समुद्रपक्षी, बस्स. मला कोव्ह भेटलं ते त्यानंतर. तेव्हा एक मुक्काम कराच, आणि कॉर्क बंदराच्या संकेतस्थळावर जहाजांचं वेळापत्रक असतं, ते बघून दिवस ठरवा.

कॉर्कहून निघताना उजवीकडची खिडकी धरा. कोव्ह एका बेटावर आहे. फोटा स्टेशन सोडल्यावर गाडी पाण्यावरून बेटावर येते आणि शेवटची पाच-सात मिनिटं पाण्याच्या कडेकडेने धावते.

माझ्या आठवीतल्या मुलाला टायटॅनिकचं वेड आहे. तिथे खरंच काही बघण्यासारखं आहे, की नुसती दुकानदारी? (नाशिक)

दोन्ही आहे. दुकानदारी म्हणजे फ्रिजवर चिकटवायची टायटॅनिकं आणि चहाचे मग. खरं म्हणाल तर पाण्यात उभे असलेले काही कुजके खांब.

व्हाइट स्टार लाइन या टायटॅनिकच्या कंपनीचं जुनं तिकीटघर समुद्राला पाठ लावून उभं आहे. आता तिथे टायटॅनिकचं प्रदर्शन आहे. त्याच्या मागे एक लाकडी धक्का आहे, म्हणजे धक्का होता. फळ्या बऱ्याचशा गेल्यात, खांब काळे पडलेत, भरतीच्या रेषेखाली हिरवं शेवाळ. ११ एप्रिल १९१२ ला इथून प्रवासी लहान बोटींत बसले. टायटॅनिक गावाला लागलंच नाही, ते बंदराच्या तोंडाशी रोशेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभं होतं, एवढं मुलाला आधी सांगा, नाहीतर तो धक्क्याची लांबी बघून भांडेल. आयर्लंड आणि अमेरिका अशा नावांच्या दोन बोटींनी माणसं आणि टपालाच्या थैल्या पोचवल्या. इथून चढले १२३ जण. त्यातले ११३ तिसऱ्या वर्गाचे. वाचले ४४.

प्रदर्शनात शिरताना हातात एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचं तिकीट देतात. तो वाचला की गेला, हे शेवटच्या खोलीत कळतं. मला ही युक्ती आधी सवंग वाटली होती. पण शेवटच्या भिंतीवर आपलं नाव शोधताना माणसं गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मुलाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. फ्रान्सिस ब्राउन नावाचे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे एक विद्यार्थी, पुढे ते फादर ब्राउन झाले, फक्त इथपर्यंतचं तिकीट घेऊन आले होते. बोटीवर भेटलेल्या एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याने न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च करायची तयारी दाखवली. यांनी परवानगीसाठी वरिष्ठांना तार केली. उत्तर आलं, जहाजावरून उतर. ते उतरले, कॅमेऱ्यासकट. टायटॅनिकच्या आतल्या आयुष्याचे जे फोटो आज आपण बघतो, त्यातले बरेचसे त्यांनी काढलेले आहेत.

पण टायटॅनिकवरच थांबू नका. टायटॅनिक या गावाच्या वाट्याला दोन तास आलं, बाकी शंभर वर्षं इथून साधी माणसं जात होती. १८४८ ते १९५० या काळात सुमारे साठ लाख लोकांनी आयर्लंड सोडलं, त्यातले पंचवीस लाखांवर कोव्हमधून गेले. बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळाने जी रांग लागली ती काही केल्या तुटेना. स्टेशनच्या जुन्या इमारतीतलं हेरिटेज सेंटर या माणसांचं आहे, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथे जास्त वसूल होतात. बाहेर धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा पुतळा आहे, दोन धाकटे भाऊ बरोबर. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांना तपासून आत घेणारं केंद्र उघडलं, तेव्हा तिथून आत गेलेली ती पहिली. धाकटा समुद्राकडे बोट दाखवतोय, ती मात्र मागे वळून गावाकडे बघतेय.

वेळ असला तर गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत टॅक्सीने जाऊन या. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली. अठरा मिनिटांत जहाज गेलं, जवळजवळ बाराशे माणसं गेली. वाचलेले आणि मृतदेह, दोन्ही मुख्यतः कोव्हलाच आणले. तीन सामूहिक कबरी आहेत. हिरवळीवर मोठाले दगड, बाकी काही नाही.

आईचे गुडघे दुखतात. कोव्ह चढावाचं आहे असं वाचलं. तिला न्यावं का? (सांगली)

न्या. स्टेशन, हेरिटेज सेंटर, ॲनीचा पुतळा, बाग, टायटॅनिकचं प्रदर्शन, सगळं समुद्राच्या पातळीवर, सपाट. चढ आहे तो सेंट कोलमन कॅथेड्रलचा, आणि तो जिन्यासारखा उभा आहे. वर टॅक्सीने जा, उतरतानाही टॅक्सीच बोलवा, कारण दुखऱ्या गुडघ्याला उतार चढापेक्षा वाईट. १८६८ ला सुरू झालेलं हे काम पुरं व्हायला पन्नासएक वर्षं लागली, आणि त्यात परदेशी गेलेल्या लेकरांनी पाठवलेला पैसाही आहे. मनोरा ९१ मीटरचा, त्यात ४९ घंटा. त्या एक माणूस वाद्यासारख्या वाजवतो. उन्हाळ्यात रविवारी दुपारी वादन असतं. आईला त्यासाठी वर चढायची गरज नाही, खाली बाकावर बसून छान ऐकू येतं.

तेवीस रंगीत घरं उतरंडीने उभी आणि मागे कॅथेड्रल, हा प्रसिद्ध फोटो स्पाय हिलवरून निघतो. तिथल्या भिंतीवर चढून तो काढायची पद्धत पडली आहे. चढू नका, पलीकडे थेट खोल आहे.

आम्ही मालवणचे. मासे मिळतील ना? आणि बरोबर दोन शाकाहारी आहेत. (मालवण)

मासे मुबलक, पण तुमच्या जिभेला मीठ-मिरी सोडून काही लागायचं नाही. बांगडा तिथेही आहे, आपल्यापेक्षा तेलकट. जपून राहायचं ते चाउडरपासून. ते माशांचं दाट सूप असतं आणि त्यात चक्क दूध-साय घालतात. 'दूध आणि मासे एकत्र? कोड येईल!' असं आमची आजी ओरडली असती. मी दोन वाट्या खाल्ल्या, अजून काही आलेलं नाही. सोबत सोडा घालून केलेला तपकिरी पाव आणि खारं लोणी असतं. तो पाव शाकाहारी मंडळींना वाचवेल. भाजीचं सूप मागवताना त्यात चिकनचं पाणी आहे का, हे स्पष्ट विचारा, कारण नाव भाजीचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. तव्यावरचं थालीपीठ हवंच असेल तर भाजणी घरून न्या. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, तेव्हा साडेसातच्या आत जेवायला बसा.

मालवणचे आहात तर गप्पांना विषय आयता आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील तुमच्याच तालुक्यातल्या वराडचे.

कोव्ह की किन्सेल? आणि कोणत्या महिन्यात? (पुणे)

किन्सेल हे कॉर्कजवळचंच दुसरं बंदराचं गाव. जेवणासाठी किन्सेल, गोष्टींसाठी कोव्ह. किन्सेल जास्त देखणं आहे, चार्ल्स फोर्ट बघण्याजोगा आहे, पण रेल्वे नाही, कॉर्कहून बस धरावी लागते. कोव्हलाच राहिलात तर दुसऱ्या दिवशी केनेडी पिअरवरून बोटीने स्पाइक आयलंडला जा. ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, दुष्काळाच्या काळात त्याचा तुरुंग झाला, आणि एका वेळी दोन हजारांवर कैदी त्यात कोंबले होते. महिना मे नाहीतर जून. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाऊस कधीही येतो आणि आडवा येतो, म्हणून छत्री ठेवा घरी, टोपीचं जाकीट न्या.

'कनिष्क' विमानाचं स्मारक कोव्हजवळ आहे का? आमच्या ओळखीतलं एक कुटुंब त्यात गेलं. (टोरांटो)

जवळ नाही, त्याच काउंटीत आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं टोरांटो-माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे निघालेलं १८२ क्रमांकाचं विमान बॉम्बस्फोटाने अटलांटिकवर फुटलं. ३२९ माणसं गेली. मृतदेह सापडले १३१. ते समुद्रातून उचलायला गेलेल्यांत आयर्लंडच्या नौदलाची 'अश्लिंग' ही नौका होती. या नौदलाचा तळ हॉलबोलाइन बेटावर, कोव्हच्या बरोबर समोर. धक्क्यावर उभं राहिलात की राखाडी नौका दिसतात, त्या तिथल्याच. मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले होते. नातेवाईक तिथे पोचले तेव्हा कॉर्कच्या लोकांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, आणि ही ओळख कित्येक कुटुंबांनी आजवर राखली आहे.

स्मारक पश्चिमेला अहाकिस्ता नावाच्या खेड्यात आहे. कोव्हहून गाडीने दोन तास धरा, थोडे जास्तच. शेवटचा रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं. समुद्राच्या काठी एक सूर्यघड्याळ आणि भिंतीवर सगळ्यांची नावं. दरवर्षी २३ जूनला सकाळी, विमान फुटलं त्या सुमारास, आठनंतर तिथे माणसं जमतात. त्या दिवशी जायचं असेल तर आदल्या रात्री जवळच्या बँट्री गावात मुक्काम करा. कोव्हहून पहाटे निघून वेळेवर पोचायची खात्री नाही. बँट्रीत खोल्या थोड्या आहेत, तेव्हा आधीच सांगून ठेवा.