जैवनीतिशास्त्रातील (वैद्यक आणि जीवविज्ञानातील नैतिक प्रश्नांच्या अभ्यासातील) चार तत्त्वे एकमेकांच्या विरोधात गेली, तर निर्णय कसा घ्यायचा?

स्वायत्तता (रुग्णाने स्वतःचा निर्णय स्वतः घेणे), हितसाधन, अहित टाळणे आणि न्याय या चार तत्त्वांची मांडणी टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी नीतितज्ज्ञांनी १९७९ मध्ये केली, परंतु त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम मात्र त्यांनी लावला नाही. त्यामुळे प्रत्येक प्रसंगी त्यांचे वजन नव्याने करावे लागते.

समजा, गँगरीन झालेली एक वृद्ध स्त्री पाय कापू देण्यास नकार देते आणि शस्त्रक्रियेविना ती वाचणार नाही, हे डॉक्टरांना दिसत आहे. येथे पहिला प्रश्न तिचा निर्णय शहाणपणाचा आहे का, हा नसून, नकाराचे परिणाम ती स्वतःच्या शब्दांत सांगू शकते का, हा असतो. ती ते सांगू शकत असेल आणि तिच्यावर कोणाचा दबाव नसेल, तर तिचा नकार मानावाच लागतो. ती तापाच्या ग्लानीत असेल, तर तिने पूर्वी व्यक्त केलेली इच्छा आणि तिचे हित पाहावे लागते. संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे, अमेरिकेतील टस्कगी येथील एका वैद्यकीय अभ्यासात १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराची खरी माहिती दिली गेली नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचाराविना ठेवले गेले.

परिणामवाद (कृतीचे परिणाम पाहणारा), कर्तव्यवाद (कर्तव्य आणि नियम पाहणारा) आणि काळजीची नीती (माणसामाणसांतील नाते पाहणारी) हे अन्य दृष्टिकोन आहेत. त्यांपैकी शेवटचा, रुग्णाशेजारी बसून ऐकण्याला महत्त्व देणारा, मला वरील प्रसंगात विशेष उपयोगी वाटतो, कारण त्या नकारामागे बहुधा परावलंबी होण्याची भीती असते.