फांद्या छाटण्यासाठी आणि वादळानंतरच्या साफसफाईसाठी हलका चेनसॉ कोणता घ्यावा?

कोकणातल्या बागेत या दोन्ही कामांसाठी १२ ते १४ इंची पट्टीचा (जिच्याभोवती साखळी फिरते ती पट्टी), साधारण ४ ते ५ किलोचा चेनसॉ पुरेसा ठरतो. नुसत्या छाटणीसाठी मी बॅटरीवरचा सुचवला असता; परंतु जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती, हे लक्षात घेता ३५ सीसीच्या आसपासचे पेट्रोल यंत्रच घ्यावे. चेनब्रेक, म्हणजे यंत्र उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक, नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी कृपया घेऊ नका, कारण पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच ते उसळून अंगावर येऊ शकते. वाकून ताणलेली फांदी आधी दाबाच्या (वाकाच्या आतल्या) बाजूने थोडी, मग ताणाच्या (बाहेरच्या) बाजूने कापावी. वीजतारांत अडकलेल्या फांदीला मात्र हात लावू नये.