उसळणे : हिंदीतून आलेला शब्द?

प्रश्न असा आहे : ‘उसळता उत्साह’ म्हणजे हिंदी ‘उछलना’ची नागपुरी नक्कल का? मूळ मराठी शब्द ‘सळसळता’च नाही का?

नक्कल नाही. दोन्ही शब्द एकाच आईचे. संस्कृतात ‘शल्’ म्हणजे हलणे, झेपावणे. त्याला ‘उत्’ म्हणजे ‘वर’ लागला की संधीने ‘उच्छल्’ होते, जसे उत् + श्वास = उच्छ्वास. प्राकृतात त्याचे ‘उच्छलइ’ झाले. पुढे हिंदीने ‘छ’ ठेवला, मराठीने त्याचा ‘स’ केला. आणि हे काही एका शब्दापुरते नाही. मछली – मासा, बछडा – वासरू, पूछना – पुसणे. पुण्याकडे आता ‘पुसणे’ फडक्यापुरते उरले आहे, पण आपल्याकडे नागपुरात ‘त्याले पुस ना बे’ आजही ऐकू येते. सदर-सीताबर्डीवर एकाच टपरीवर दोन्ही भाषा चालतात, म्हणून आपल्याला प्रत्येक जोडीत उसनवारी दिसते, एवढेच. ‘स्वच्छ’, ‘तुच्छ’ यांचा ‘च्छ’ टिकला, कारण ते थेट संस्कृतातून उचललेले आहेत.

अर्थाकडे पाहिले तर सगळी गंमत त्या ‘उत्’मध्ये आहे. लाट उसळते, चेंडू उसळतो, कारंजे उसळते. खालून वर, आणि जोरात. माणसे दाटली की तेच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर ‘जनसागर उसळला’ हा मथळा आपण दरवर्षी वाचतो, आणि सागर म्हटल्यावर तिथे दुसरे क्रियापद शोभतही नाही. पण उसळण्याला आनंदच लागतो असे नाही. दंगल उसळते, कळ उसळते, बोलता बोलता एखादा अंगावर उसळून येतो. म्हणून ‘ती फार उसळती मुलगी आहे’ असे कोणी म्हणत नाही. तिचा उत्साह उसळतो, ती नाही. माणसासाठी ‘चैतन्याने सळसळणारी’ हेच बरे.

‘सळसळ’ मात्र निव्वळ ध्वनीतून आलेला शब्द. पिंपळाखाली उभे राहा, पाने स्वतःच तो उच्चारतात. मूळचा की उसना, हा वाद तिथे गैरलागू.

बुडबुड्यांसारखा वर येणारा आनंद सांगायला शब्द हवा असेल तर ‘उकळी’. भांड्याच्या तळातून बुडबुडे वर येऊन फुटतात, तशा मनात ‘आनंदाच्या उकळ्या फुटतात’. इथे एक बारकावा आहे : हा आनंद बहुधा आतल्या आत असतो, चेहरा साळसूद ठेवून. तीच उकळी रागाची असेल तर असंतोष ‘खदखदतो’.

जाता जाता, ‘उत्साह’ही उत् + सह्. ‘सह्’ म्हणजे सोसणे, पेलणे, पुरून उरणे. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह मानतात, तो याच अर्थाने. नाचण्या-बागडण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामुळे ‘उसळता उत्साह’ खुशाल लिहा. हिंदीचा शिक्का त्यावर बसत नाही.