चीनच्या गावात शब्द कोणाचा चालतो?

प्रश्न : आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊही दोन वेगळ्या पॅनलांतून उभे राहतात. चीनमध्ये एकच पक्ष आहे, तर तिथल्या गावाचा कारभार नेमका कोणाच्या हाती असतो?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मतदान चीनच्या गावातही होते. १९९८च्या कायद्यानुसार गावकरी ग्रामसमिती निवडतात आणि २०१८पासून तिची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. मात्र त्याच कायद्याने कम्युनिस्ट पक्षाच्या गावशाखेला नेतृत्वाचे स्थान दिलेले असल्यामुळे शेवटचा शब्द शाखेच्या सचिवाचा चालतो, आणि अलीकडे तर ग्रामसमितीचे प्रमुखपद आणि शाखेचे सचिवपद ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे सोपवण्यावर पक्षाचा भर आहे. (‘सचिव’ म्हटल्यावर आपला ग्रामसेवक डोळ्यांसमोर आणू नये, तो शासनाचा नोकर, हा पक्षाचा माणूस.)

हीच जोडी वरपर्यंत दिसते. प्रांताच्या सरकारचा प्रमुख असलेल्या गव्हर्नरपेक्षा तिथला पक्षसचिव वरचढ असतो. शिखरावर पॉलिटब्युरोची, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाची, सात सदस्यांची स्थायी समिती आहे. सुमारे तीन हजार प्रतिनिधींची संसद बहुधा तिथे ठरलेल्यावर शिक्कामोर्तब करते. शी जिनपिंग यांचे बळही राष्ट्राध्यक्षपदापेक्षा २०१२पासून त्यांच्याकडे असलेल्या पक्षाच्या सरचिटणीसपदात आणि केंद्रीय लष्करी आयोगाच्या अध्यक्षपदात आहे.

माझ्या मते खरी किल्ली पक्षाच्या संघटन विभागाकडे आहे, कारण महत्त्वाच्या पदांवरील नेमणुका, बढत्या आणि बदल्या तोच हाताळतो. त्यामुळे तिथला अधिकारी मतदारांपेक्षा वरिष्ठांकडे अधिक पाहतो.