बोर्ड बदलायला दिला होता, डेटा उडवायला नाही

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात प्रकार असा की लॅपटॉप चालू होत नव्हता, वॉरंटी संपलेली, रिपेअरवाल्याने मदरबोर्ड बदलला, मग विंडोज नव्याने टाकलं आणि तुमची डिझाइनची तीन वर्षांची कामं गेली. विचारलं तर म्हणतो बोर्ड बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर ‘की’ (डिस्क उघडायचा नंबर) मागत होतं, फॉरमॅट करण्यावाचून इलाज नव्हता, आणि जॉबशीटच्या मागे छापलंय की डेटाची जबाबदारी आमची नाही. वर स्क्रीनच्या कोपऱ्यात आता ‘ऍक्टिव्हेट विंडोज’ दिसतंय आणि पूर्ण पैसे दिल्याशिवाय तो लॅपटॉप सोडत नाहीये.

आधी त्या निळ्या स्क्रीनचं बघू, कारण माझ्या मते तुमची सगळी केस तिथेच आहे. ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी असते आणि ती उघडायची चावी जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलला की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागतं, यात बिघाड काहीच नाही, ते तसंच चालायला हवं. आणि ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आपोआप सेव्ह झालेली असते. म्हणजे त्याने एक फोन करून तुम्हाला विचारलं असतं तर डेटा वाचू शकला असता! इलाज नव्हता हे साफ खोटं आहे, इलाज होता, विचारायचा कंटाळा होता.

म्हणून आज दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन करा आणि रिकव्हरी कीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. तिथे डिव्हाइसचं नाव आणि की कधी अपलोड झाली ती तारीख दिसते. ती तारीख रिपेअरला देण्याच्या आधीची असेल तर यापेक्षा चांगला पुरावा मला तरी सुचत नाही.

आता जॉबशीटमागची ओळ. घाबरू नका. रिपेअर करताना डिस्क अचानक मेली तर ती ओळ त्याच्या कामाची, न विचारता स्वतःच्या हाताने फॉरमॅट मारला तर तिच्या आड लपणं त्याला अवघड जाईल. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली की त्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, हे 1872 च्या करार कायद्यात कलम 151 मध्ये आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ही सेवेतली त्रुटी. तुम्ही लॅपटॉपवर धंदा करता म्हणून तुम्ही ग्राहक नाही असा मुद्दा तो काढेल (काढतातच), तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या कायद्यात ‘व्यापारी हेतू’ धरत नाहीत, त्यामुळे एकटीने फ्रीलान्स काम करणाऱ्या बाईला आपण ग्राहकच आहोत हे ठामपणे मांडता येतं.

लॅपटॉप अडवून ठेवण्याबद्दल मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. काम पूर्ण केल्यावर त्या कामाच्या पैशांपुरती वस्तू अडवायचा हक्क त्याच करार कायद्याचं कलम 170 देतं. भांडत बसलात तर महिना जाईल आणि तोवर ती डिस्क त्याच्याच हातात. तेव्हा पैसे द्या, पण त्याच वेळी व्हॉट्सऍपवर लिहा की ‘तक्रार कायम ठेवून, नाइलाजाने पैसे देत आहे’, बिल मागा, आणि जुना बोर्ड त्याने बदल्यात ठेवून घ्यायचं ठरलं नसेल तर तोही परत मागा. बिल द्यायला नकार देणं ही स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे.

विंडोजचं. लॅपटॉपसोबत आलेल्या ओरिजिनल विंडोजची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते, बोर्ड गेला की ती पण गेली. लायसन्स अकाउंटला जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधून ‘हार्डवेअर बदललं’ सांगून कधी कधी ऍक्टिव्हेट होतं, करून बघा. पण तो ‘क्रॅक टाकून देतो’ म्हणाला तर घेऊ नका, जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे आणि तो तुमच्या माथी बसेल.

पोलिसात जाऊ का विचारलंत. परवानगीशिवाय डेटा पुसणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं, पण गुन्हा व्हायला कलम 66 ला लबाडीचा हेतू लागतो, इथे मला निष्काळजीपणा दिसतो, लबाडी नाही. तो रस्ता मी घेणार नाही.

मी काय करीन तर आधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, सोबत पंधरा दिवसांची लेखी नोटीस, आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, सेवेची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही (माझंच नुकसान करतोय). मुदत दोन वर्षं.

डेटा परत येईल अशी आशा मात्र फार धरू नका, एन्क्रिप्टेड एसएसडी एकदा फॉरमॅट झाली की जवळपास संपलं. भरपाईसाठी नुकसान आकड्यात दाखवावं लागेल, म्हणजे कुठल्या क्लायंटचं कुठलं काम परत करावं लागलं त्याचे ईमेल, इन्व्हॉइस, लागलेले दिवस. बॅकअप का नव्हता हे आयोगात विचारतीलच, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा. आणि तुमच्या मेलमध्ये एक गोष्ट राहिलीय, लॅपटॉप देताना ‘डेटा महत्त्वाचा आहे’ असं तुम्ही कुठे लिहिलं होतं का? जुने चॅट उघडून बघा आणि मला कळवा, तोवर त्यातलं काही डिलीट करू नका.