हक्क गेला म्हणजे नक्की काय गेलं?

प्रश्न: आमची दीड एकर रस्त्यात जातेय. तलाठी म्हणतो मालमत्तेचा हक्क घटनेतून कधीच काढलाय, कोर्टात जाऊन उपयोग नाही. खरंय का?

अर्धंच खरं, आणि अर्धं जास्त घातक. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून काढली, पण त्याच दुरुस्तीने कलम ३००अ घातलं. म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय सरकार तुमची जमीन घेऊ शकत नाही. फरक एवढाच की आता कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येत नाही, आधी हायकोर्ट. हिमाचलमधल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, ना रीतसर संपादन ना पैसे, आणि वर सरकार कोर्टात म्हणालं की इतकी वर्षं ताबा आमचा म्हणजे जमीन आमचीच! २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला भरपाई द्यायला लावली. गंमत बघा, जमीन घेतली तेव्हा हक्क मूलभूत होता, पैसे मिळाले तेव्हा नव्हता. तेव्हा तलाठ्याचं ऐकून घरी बसू नका, नोटीस आली असेल तर हरकतीची तारीख आधी बघा.

प्रश्न: आणीबाणीत आजोबा मिसाखाली (खटला न चालवता कैदेत ठेवायचा कायदा) येरवडा तुरुंगात होते. तेव्हा कोर्टाने का नाही सोडवलं? परत तसं होईल का?

कारण एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने सांगितलं की आणीबाणीत कलम २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित आहे, त्यामुळे अटक बेकायदा असली तरी दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून ज्युनिअर न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले. ४४ व्या दुरुस्तीने हे भोक बुजवलं, आता आणीबाणीतसुद्धा कलम २१ आणि कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) स्थगित करता येत नाही. शिवाय नुसती ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण चालत नाही, सशस्त्र उठाव लागतो, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो. म्हणजे ज्या दुरुस्तीला तुमचा तलाठी नावं ठेवतो (बरं, वरच्या वाचकाचा तलाठी) तीच ही.

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची, नर्सरीची फी परवडत नाही. शिक्षण मूलभूत हक्क आहे ना?

आहे, पण ६ ते १४ वयालाच. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१अ आणलं, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहाच्या आतली पोरं कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिली, तिथे सरकारने ‘प्रयत्न करावा’ एवढंच, त्यावर कोर्टात भांडता येत नाही. मला विचाराल तर ही कंजुषीच. तोवर अंगणवाडी बघा, आणि खासगी शाळेत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव २५ टक्के जागांचा फॉर्म भरा, शाळेत नर्सरी असेल तर नर्सरीलाच, नाहीतर पहिलीला. खासगी शाळेच्या १ किमीत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की तिला यातून सूट, असा नियम महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आणला होता, हायकोर्टाने तो रद्द केलाय.

प्रश्न: संसदेत दोन तृतीयांश बहुमत असलं की घटनेत काहीही बदलता येतं का?

नाही. १९७३ चा केशवानंद भारती खटला, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. एका मताने ठरलं की घटनेच्या मूळ ढाच्याला, म्हणजे तिच्या पायाभूत तत्त्वांना, हात लावता येणार नाही.