‘वाघीण’ खोडू नये

नौपाड्यातील एका वाचकांनी विदर्भातल्या एका बंद झालेल्या अरुंदमापी (नॅरोगेज) मार्गावरील लहानशा स्थानकाची आणि तेथे ठेवलेल्या जुन्या गाड्यांची छायाचित्रे ठाण्यातील प्रदर्शनासाठी निवडली आहेत. त्यांखालच्या मजकुरात ‘रोलिंग स्टॉक’साठी, म्हणजे रुळांवर धावणाऱ्या इंजिने-डब्यांच्या एकत्रित नावासाठी, ‘चल साठा’ लिहावे का, आणि मालगाडीच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणणे हास्यास्पद वाटत असल्याने तेथे ‘मालडबा’ करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

‘चल साठा’ मला पटत नाही. रेल्वेच्या हिंदीत ‘चल स्टॉक’ रुळला आहे. परंतु मराठीत ‘चल’ म्हटले की आधी ‘चल, निघू या’ कानी पडते आणि ‘साठा’ म्हटले की गोदामातील पोती डोळ्यांपुढे येतात. स्थावराच्या जोडीला आपल्याकडे ‘जंगम’ आहे, पण तो मृत्युपत्रात शोभतो, चौथऱ्यावर कायमच्या उभ्या केलेल्या इंजिनाला नव्हे. मुळात येथे समूहवाचक शब्दाची गरजच नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीला तीन इंजिने आणि चौदा डबे होते, असेच आपण सांगत आलो आहोत. तांत्रिक लेखनात समूहवाचक शब्द हवाच असेल, तर कळव्याचे ‘कारशेड’ किंवा लोकलचा ‘रेक’ (जोडलेल्या डब्यांचा पूर्ण संच) जसा ठेवला, तसा ‘रोलिंग स्टॉक’ही ठेवावा.

‘वाघीण’ मात्र खोडू नये. परका शब्द कानाला ओळखीच्या घाटात बसवून घेण्याची भाषेची जुनी खोड आहे. ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला तो तिच्यातूनच. ‘वॅगन’मधील ‘ग’चा ‘घ’ झाला, शेवटी ‘ईण’ लागले आणि शब्द स्त्रीलिंगी होऊन घरचा झाला. त्याचे अनेकवचन, सामान्यरूप, विभक्ती असे सगळे बिनतक्रार होते: वाघिणी, वाघिणीत, वाघिणींची. ‘मालगाडीच्या वाघिणी घसरल्या’ ही बातमी वाचून कोणी वनखात्याला दूरध्वनी केल्याचे ऐकिवात नाही. शिवाय ‘मालडबा’ लिहिलात तर ठाणेकराच्या मनात लोकलमधला पाट्या-टोपल्यांचा डबा उभा राहील, कोळसा किंवा कापूस वाहणारी गाडी नव्हे.

आपल्या मसुद्यात ‘दोन जुन्या बोग्या’ असेही आहे, आणि विचारले नसले तरी त्यावर बोट ठेवणे भाग आहे. बोलताना आपण सगळेच डब्याला बोगी म्हणतो. तांत्रिक अर्थाने मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा, चाके आणि आस बसवलेला सांगाडा; साधारणपणे एका डब्याखाली असे दोन असतात. त्यामुळे जाणकार ‘दोन बोग्या’ वाचतील तेव्हा त्यांना एकाच डब्याची चाके दिसतील आणि वरचा डबा कोठे गेला, असा प्रश्न पडेल.

स्थानकासाठी ‘बंद पडलेले’ आणि ‘बंद झालेले’ यांत मी दुसरे घेईन. बंद पडते ते घड्याळ, पंप किंवा चालता चालता इंजिन. त्यात बिघाडाची छटा आहे. या स्थानकात काही बिघडले नव्हते, गाड्याच यायच्या थांबल्या. ‘जतन केलेले’ बरोबरच आहे, पण छायाचित्राखाली ‘जपून ठेवलेले’ अधिक मोकळे वाटेल. तेव्हा ओळ अशी करता येईल: ‘बंद झालेले स्थानक आणि तेथे जपून ठेवलेले इंजिन, दोन डबे व एक वाघीण.’